मावशींचा वारा

तीन नंबरचा फेडर, आवाज चढवायची सरकती खुंटी, अर्ध्यावर नेला तरी वारा सुटेना. आणखी केसभर वर सरकवला, तर असा सुटला की खाली खुर्च्या पुसणारा माणूस फडकं टाकून दाराकडे धावला.

"आई, अर्ध्यावर फक्त अठरा येतंय," सून कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली. "चौसष्ट यायला हवं."

प्रयोग चारला होता आणि दोन वाजून गेले होते. मावशींनी फेडर पुन्हा खाली ओढला.

साऱ्या नाट्यगृहाच्या त्या मावशी. बत्तीस वर्षं मागच्या काचेच्या खोलीत बसून त्या नाटकांचे आवाज सांभाळत होत्या. गेल्या महिन्यात मॅनेजरने आठ फेडरचा जुना साउंड मिक्सर भंगारात काढला आणि कॉम्प्युटर आणला. त्यात माऊसने एका वेळी एकच आवाज कमी-जास्त होई. मावशींना एका हाताने वारा उतरवताना दुसऱ्याने घड्याळाची टिकटिक चढवायची असे. माऊसने टिकटिक येईपर्यंत रंगमंचावरचा आजारी माणूस मरून मोकळा झालेला असे.

म्हणून त्यांनी तो मिक्सर घरी नेला, आठही फेडर सोडवले आणि आवाज नेणाऱ्या तारा कापून टाकल्या. फेडरच्या एका टोकाला पाच व्होल्ट दिले, दुसरं अर्थला जोडलं आणि मधल्या पायाची तार एका छोट्या सर्किटला. फेडर जसा सरकेल तसा सर्किट कॉम्प्युटरला शून्य ते एकशे सत्तावीसमधला आकडा सांगे. प्रोग्राम सुनेने लिहिला. घरी आकडे पळताना बघून दोघी हरखल्या होत्या. कानाने ऐकून बघायचं एकीलाही सुचलं नाही.

मॅनेजरने मात्र स्वच्छ सांगितलं होतं, "मावशी, आजचा प्रयोग या खटाटोपावर करा. बिनसलं तर उद्यापासून माऊसवाला माणूस. तुम्ही तिकीट खिडकीवर बसा."

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं, हे फेडर कानासाठी बनवलेले. खाली हळूहळू चढतात, वर भराभर. आणि तुझा कॉम्प्युटर तीच करामत वरून पुन्हा करतोय. बत्तीस वर्षं बोटाखाली होतं, आणि तेच विसरले मी."

"मग फेडरचे आकडे दुरुस्त करणारा उलटा तक्ता करू. तुम्ही कानाने सांगा, मी आकडे भरते."

मावशींनी डोळे मिटले. "हा दाराच्या फटीतून येतो तेवढा. हा निम्मा. थांब, जरा खाली. हं, इथे."

प्रत्येक फेडर वेगळा झिजलेला, त्यामुळे प्रत्येकाचा तक्ता वेगळा. पाच झाले आणि तिसरी घंटा वाजली. उरलेल्या तिन्हींना हात लावायचा नाही असं ठरलं. मावशींनी तळवे साडीला पुसले.

नाटकाचा सगळा जीव शेवटच्या प्रवेशात होता. नायिकेचं काम करणाऱ्या बाई खिडकीकडे चालत जात, त्यांच्या पावलागणिक वारा उतरे, आणि पूर्ण शांततेत त्या म्हणत, "गेला तो." वारा एकदा जरी उडी मारून पडला असता तरी लोक हसले असते.

बाई उठल्या. मावशींचं बोट खाली निघालं. वाटेतच बाई थबकल्या आणि खुर्चीवरची शाल घडी करू लागल्या. रोज त्या काहीतरी वेगळं करत. बोटही थबकलं. शालीची घडी झाली, पावलं पुढे पडली, बोट उतरत गेलं. बाईंचा हात खिडकीच्या गजावर पडला आणि वारा नाहीसा झाला.

"गेला तो."

सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मावशींचे डोळे भरून आले.

पडदा पडल्यावर मॅनेजर खुशीत वर आला. आकडे कुठे थरथरतात ते नंतर बघता यावं म्हणून सुनेने पूर्ण प्रयोगाची नोंद चालू ठेवली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाच रेघा वरखाली गेलेल्या दिसत होत्या.

"हे काय?"

"आईंनी फेडर कधी किती हलवले, ते," सून सहज बोलून गेली.

"म्हणजे उद्या बटण दाबलं की हे आपोआप होईल?"

सुनेने जीभ चावली. मॅनेजरने एका रेघेवरून बोट फिरवलं. मग मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, कमाल केलीत. आता बटण तर कुणीही दाबेल."

"बाई रोज सारख्या नाही चालत," मावशी म्हणाल्या.

"सांगू त्यांना, आजच्यासारखंच चाला म्हणून."

तो गेल्यावर सून रडवेली झाली. "आई, पुसून टाकू का सगळं?"

मावशींना राग आला होता, आणि आपणच आपल्या हाताने हे केलं याची लाजही वाटत होती. तरी त्या म्हणाल्या, "नको. चांगलं झालंय काम."

दुसऱ्या दिवशी प्रयोग सुरू झाल्यावर त्यांनी तिकीट खिडकी बंद केली आणि शेवटच्या रांगेत येऊन बसल्या. वारा हुबेहूब त्यांचाच होता. बाईंनी आठवणीने शालीची घडी घातली, पण आज शाल हातातून निसटली आणि त्यांना पुन्हा वाकावं लागलं. खिडकी चार पावलं दूर असतानाच वारा संपला. ती चार पावलं सगळ्यांना ऐकू आली. गजापाशी पोचल्यावर बाईंनी क्षणभर वर काचेच्या खोलीकडे पाहिलं, मग वाक्य म्हटलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनीही वाजवल्या.