मेंदीवरचं रीडिंग

आमच्या इमारतीला चौदा मजले आहेत. जानेवारी ते जून मी ते आठवड्यातून चार दिवस, पाठीवर सहा लिटर पाण्याची सॅक घेऊन, पाच-पाच वेळा चढले. कतारमध्ये डोंगर नाही. आल्प्सची तयारी जिन्यावरच करावी लागते. कुणाल, माझा नवरा, दोनदा चढून लिफ्टने घरी जायचा. त्याचं ऑफिस शहराच्या मध्यात, मुशैरिबला, माझी लॅब मेसईदच्या एका खतकारखान्यात. कंपनीची बस मला पाच वाजता घरी सोडायची आणि तो सातला यायचा. तो दमलेला असायचा हे खरंच होतं.

बेत माझा होता. स्वित्झर्लंडमध्ये चार दिवसांची चाल आणि तीन हटमध्ये मुक्काम. हट म्हणजे डोंगरात उंचावर बांधलेलं दगडी घर. बूट दारातच काढायचे, तिथल्या सपाता घालायच्या, सातला सगळ्यांनी एकच जेवण जेवायचं आणि लांब फळीवर ओळीने टाकलेल्या गाद्यांवर अनोळखी माणसांच्या शेजारी झोपायचं. तिसरी हट सर्वांत उंच, बत्तीसशे मीटरवर. तिथे अठराच जागा, आणि ओट्यावरून हिमनदी दिसते. बी.एस्सी.ला मी भूगर्भशास्त्र घेतलं होतं. हिमनदीच्या आकृत्या काढून मार्क मिळवले होते, पण हिमनदी पाहिली नव्हती. बुकिंग उघडलं त्या सकाळी मी लॅबमधून रजा घेऊन लॅपटॉपसमोर बसले आणि तीन जागा मिळवल्या. तिसरी गॅव्हिनची. तो कुणालचा मित्र, वसईचा. त्याची बायको जोस्लीन इथल्या एका रुग्णालयात आयसीयूत नर्स आहे. तिला रजा मिळाली नाही.

नियमही मीच केला. विरळ हवेत कुणाचं काय होईल सांगता येत नाही, म्हणून बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ऑक्सिमीटर बरोबर घ्यायचं. पंधरा मिनिटं शांत बसल्यावर रीडिंग पंच्याऐंशीच्या खाली आलं, तर त्या माणसाने दुसऱ्या दिवशी खाली उतरायचं. वाद घालायचा नाही. दोघांनी माना डोलावल्या.

निघायच्या आठ दिवस आधी लॅबमधल्या फातिमाच्या बहिणीचं लग्न झालं. बायकांच्या मेंदीच्या कार्यक्रमाला मी गेले. इथल्या पद्धतीने त्यांनी माझ्या दहाही बोटांची टोकं नखांसकट काळीभोर रंगवली. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि म्हणाल्या, रंग चांगला चढलाय, नवऱ्याचं प्रेम आहे.

चालीच्या पहिल्या दिवशी वाटेत मला दर वळणावर त्या दोघांसाठी थांबावं लागलं. कुणाल आणि गॅव्हिन मागून यायचे. "वहिनी इंजिन आणि कुणाल गार्डाचा डबा," गॅव्हिन म्हणाला. कुणाल हसला. पुढच्या वळणावर गॅव्हिनने तेच पुन्हा म्हटलं, तेव्हा तो हसला नाही. वरून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने मला थांबवून विचारलं, की हे दोघे तुझे पाहुणे आहेत का, तू इथली गाईड का. मी ते हसत हसत कुणालला सांगितलं. सांगायला नको होतं.

पहिल्या हटमध्ये पोचलो तेव्हा त्याचं डोकं दुखत होतं आणि ओठ फिके दिसत होते. पंधरा मिनिटांनी मी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं. ब्याऐंशी. आकड्याची बाजू माझ्याकडे होती, त्याला तो दिसत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच मला वाटलं की त्यालाही वर जायचंय.

"शहाऐंशी," मी म्हणाले, आणि आमच्या ट्रिपच्या वहीतही तेच लिहिलं. गॅव्हिन शेजारीच बसला होता.

त्याला मी भरपूर पाणी पाजलं, दोनदा सूप घ्यायला लावलं. सकाळी तो बरा होता. काही बिघडलं असतं तर, हा विचार मी नंतर पुष्कळ वेळा केला.

दुसऱ्या हटमध्ये पोचल्यावर गॅव्हिन म्हणाला, उद्याची हट उंच आहे, आज सगळ्यांचंच बघू. कुणालने ऑक्सिमीटर माझ्या हातातून घेतलं. आज मी बघतो, म्हणाला. गॅव्हिनचे नव्वद आले, त्याचे स्वतःचे सत्त्याऐंशी. माझे एक्क्याऐंशी.

मी सांगितलं की हे मेंदीमुळे असणार. यंत्र बोटातून प्रकाश आरपार सोडतं, काळा रंग तो अडवत असेल. असेल की आहे, त्याने विचारलं. मला खात्रीने सांगता येईना. दुसऱ्या बोटावर एकोणऐंशी आले, तिसऱ्यावर नुसत्या रेघा. मी चौथं बोट पुढे केलं.

"हवा तो आकडा येईपर्यंत बोटं बदलत राहायची का, नीला?"

हे वाक्य माझं आहे. लॅबमध्ये नवीन मुलं येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की नको असलेलं रीडिंग टाकून द्यायचं नसतं. घरी जेवताना त्याने ते कितीतरी वेळा ऐकलं होतं. आणि आदल्या दिवशीचे ब्याऐंशी माझ्या डोक्यात होते. मी हात मागे घेतला.

गॅव्हिन म्हणाला, जोस्लीनला विचारू या. हटबाहेर पाण्याच्या हौदाजवळच्या बाकावरच काय ती रेंज मिळायची. कुणाल उठून गेला. दहा मिनिटांनी आला तेव्हा सूप वाढून झालं होतं.

"रेंज नाही," तो म्हणाला. "आणि नियम तुझाच आहे."

गॅव्हिन म्हणाला, मग तिघेही उतरू. कुणाल म्हणाला, नीलाने एवढ्या खटपटीने मिळवलेल्या जागा तिघांच्याही कशाला घालवायच्या. ते तो इतक्या मायेने बोलला की मीच गॅव्हिनची समजूत घातली.

प्रत्येक हटमध्ये एक नोंदवही असते. नाव, कुठून आलात, पुढचा मुक्काम कुठे. कोणी हरवलं तर शोधायला सोपं जावं म्हणून. ती कुणालने भरली. त्याच्या आणि गॅव्हिनच्या नावापुढे तिसऱ्या हटचं नाव होतं, माझ्यापुढे इंग्रजीत 'डाउन'. सकाळी ते दोघे वर गेले, ऑक्सिमीटर घेऊन, कारण गरज त्यांना होती. पाटीवर दरीतल्या गावापर्यंत चार तास लिहिले होते. मी तीन तास दहा मिनिटांत उतरले. मध्ये एकदाही दम लागला नाही. तिथे एका खानावळीवरच्या खोलीत एक रात्र काढली. कुणालने हिमनदीचे सदतीस फोटो पाठवले.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी गॅव्हिनने जेवायला बोलावलं. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, त्यामुळे चर्चही शुक्रवारीच; तो आणि जोस्लीन तिथून नुकतेच आले होते. जोस्लीनने वसईच्या पद्धतीचं सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. टीव्हीवर फोटो लावले होते आणि कुणाल बोलत होता. घोरणारा जर्मन, दोरीला धरून ओलांडलेला ओढा, पहाटे निळी दिसणारी हिमनदी. मी दुसऱ्या हटवरून परतले हे त्याने ओझरतंच सांगितलं, वर म्हणाला की ऑक्सिजनपुढे कोणाचं चालत नाही.

जोस्लीन भात वाढत होती. ती माझ्याकडे वळून सहज म्हणाली, "मग पायाच्या अंगठ्यावर किती आलं होतं?"

मला प्रश्न कळला नाही. कसला अंगठा, मी विचारलं.

"अगं, मेंदीवर ते धड येतच नाही. आमच्याकडे बायका अ‍ॅडमिट होतात ना लग्नाबिग्नाच्या सीझनला, त्यांना आम्ही पायालाच लावतो, नाहीतर कानाला. कुणालला कळवलं होतं मी."

"रेंज येत-जात होती तिथे," कुणाल म्हणाला. "नंतर आला तुझा मेसेज."

जोस्लीनने डाव्या हाताने फोन उघडला. ती भांडायला म्हणून बघत नव्हती. त्याचं चुकत असेल तर सांगावं एवढंच.

"नाही रे. लगेच उत्तर दिलंयस की तू. हे बघ, सात बावन्न." तिने फोन माझ्यापुढे धरला. इथले सात बावन्न म्हणजे तिथले सहा बावन्न. सूप सातला वाढतात. तिच्या तीन ओळींच्या मेसेजखाली त्याचा एकच शब्द होता, 'शुक्रन'. इथल्या भाषेत आभार.

गॅव्हिनने टीव्ही बंद केला. मी पानातला भात संपवला. बोटांवरची मेंदी कधीच गेली होती, पण नखांच्या टोकांना काळी किनार उरली होती. ती मला जेवताना दिसत होती.

गाडीत कुणाल म्हणाला की त्याने माझ्या काळजीनेच तसं केलं. मग म्हणाला की दोन दिवस सगळ्यांसमोर मागून चालणं काय असतं ते मला कळणार नाही. ही दुसरी गोष्ट खरी होती. समुद्रकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशचा सिग्नल लागला तेव्हा मी त्याला सांगितलं.

"पहिल्या दिवशी तुझे ब्याऐंशी आले होते. मी शहाऐंशी सांगितले."

सिग्नल सुटल्यावर त्याचे खांदे सैल झाले. मला वाटलं, तो माफी मागेल.

"म्हणजे खोटं तूही बोललीस," तो म्हणाला. "खलास. फिट्टंफाट."

आणि त्याने एसी थोडा कमी केला, मला थंडी वाजते म्हणून.

रविवारी मेसईदला जाताना मी ट्रिपची वही बरोबर नेली. आमच्याकडे चुकलेली नोंद खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. पहिल्या हटच्या पानावर मी शहाऐंशीवर रेघ मारून ब्याऐंशी लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या हटच्या पानावर एक्क्याऐंशीवर रेघ मारली. शेजारी काय लिहायचं ते सुचेना. त्या संध्याकाळी रीडिंग घेताना मी सपाता घालून बसले होते. पायांत मोजेही नव्हते. ते चुलीवरच्या दोरीवर वाळत होते.

मी लिहिलं, 'रीडिंग घेतलं नाही', आणि सही करून तारीख घातली.