सातवं चित्र

रोशनबीचं सहावं वर्ष सरत आलं, तरी जुलेखाला अजून कुणी ‘मा’ म्हणून हाक मारली नव्हती. पोरीला कान होते. भांडं पडलं की दचकायची. पण माणसाचं बोलणं तिच्यात शिरतच नसे. कुणाकडं बघायची नाही, काही मागायची नाही, आणि रोजच्यापेक्षा एवढंसं वेगळं घडलं की भिंतीवर कपाळ आपटून घ्यायची. बाबूजमाल दर्ग्यामागच्या बोळातल्या बायकांनी पोरीच्या अंगात काय काय शिरलंय याचे सगळे शोध लावून झाले होते. उतारे सांगायला सगळ्या पुढं. पोरीला घटकाभर सांभाळायचं म्हटलं की मात्र एकीचाही हात रिकामा नसे.

जुलेखाचा नवरा दिलदार मोहरमचे कागदी ताबूत बनवायचा. तो प्लेगात गेला तेव्हा पोरगी अंगावर पीत होती. आता महाराजांनी वसवलेली शाहूपुरी पेठ गजबजली होती, आणि तिथल्या एका वखारीत जुलेखा दिवसभर शेंगा फोडायला जाई. पोरीला ठेवायचं कुठं? एक दिवस मन घट्ट करून तिनं जुन्या लुगड्याच्या धडप्यानं पोरीचा पाय खांबाला बांधला. संध्याकाळी येऊन बघते, तर घोटा सोलवटलेला. जुलेखानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतलं.

मोहरमला नवऱ्याचं काम ती घरीच करी. ताबुताचे कागद लावायच्या क्रमानं दोरीवर टांगून ठेवी: आधी हिरवा, मग तांबडा, मग पांढरा, शेवटी बेगड. रोशन त्या दोरीपुढं उभी राही ती राहीच. त्या वर्षी जुलेखानं चुकून पांढरा आधी अडकवला, तर पोरीनं तो काढून त्याच्या जागेवर नेऊन लावला. जुलेखा हातातली चिकटवायची खळ तशीच धरून बघत राहिली. जिला सांगून कळत नाही, तिला दाखवून कळेल, हे तिला त्या दिवशी उमगलं.

तिनं पुठ्ठ्यांवर कागद कातरून चिकटवले. तोंड धुवायचा तांब्या. फणी. भाकरी. डालग्याखालची कोंबडी, म्हणजे तिला दाणे टाकायचे. वाकळ, म्हणजे पडायचं. सागरगोटे, म्हणजे खेळायचं. आणि सातवी, पिवळ्या लुगड्यातली, डोईवर बुट्टी घेतलेली बाई, म्हणजे मा घरी आली. जिवंत माणसाचं चित्र काढणं धर्मात बसत नाही म्हणून तिचा हात कचरला, तेव्हा बाईला नाकडोळे ठेवलेच नाहीत. सातही चित्रं ओळीनं दोरीवर टांगली. एक काम झालं की त्याचं चित्र भिंतीकडं तोंड करून उलटं करायचं. दोन महिने पोरीचा हात हातात धरून जुलेखानं हे गिरवून घेतलं.

आणि जमलं की! जुलेखा बाहेर पडली की रोशन आतून कडी घाली आणि एकेक चित्र उलटवत दिवस काढी. शेजारची चिमणाबाई फटीतून बघून आली आणि डोळे मोठे करून म्हणाली, “बाई गं, माझी चार हाईत, पर एकाला बी एवढं वळण न्हाय. हिला तर तू नसलीस तरी चालंल की!”

ती कौतुकानंच बोलली होती. पण जुलेखाच्या काळजात ते रुतून बसलं. खोटं तरी काय होतं त्यात? संध्याकाळी ती दार वाजवी, रोशन कडी काढी, सातवं चित्र उलटवी आणि ताटलीपुढं जाऊन बसे. आली की नाही, दमली की नाही, काही नाही. तांब्या, फणी, कोंबडी, तशीच मा. मग दोघी एका चुलीपुढं बसून जेवत, आणि जुलेखाला वाटे, या घरात आपण एकटीच आहोत.

अशात दिलदारचा चुलता, इलाहीचाचा, पेठ वडगावहून आला. दोरी पुन्हा पुन्हा निरखून त्यानं विषय काढला.

“जुलेखा, तुझं वय काय झालंय असं? आमच्या गल्लीत एक बिजवर हाय, मानूस चांगला हाय. पर त्यो पोरीला न्हाय म्हंतो. पोरीला माझ्याकडं दे. घरात नऊ मानसं हाईत, बघतील. ही दोरी तिथं बांधली की झालं.”

“आनि ती मला हुडकाय लागली तर?”

चाचा वाईट माणूस नव्हता. त्यानं पोरीकडं मान वळवली. ती पाठ करून सागरगोटे मोजत होती. “शुक्रवारी गाडी घिऊन येतो,” तो म्हणाला. “तवर इचार कर.”

बुधवारी वखारीत जुलेखाला हीव भरून आलं. मुकादमानं भरदुपारीच तिला घरी पाठवलं. अंग फणफणलेलं, पाय ओढत ती बोळात आली आणि दार वाजवलं. रोशननं कडी काढली. आईला बघितलं. मग वळून दोरीकडं बघितलं. दोनच चित्रं उलटी झाली होती. पोरीचा श्वास फुलला, आणि तिनं दोन्ही हातांनी जुलेखाच्या पोटावर रेटा देऊन तिला पायरीवर ढकललं. दार लागलं. कडी पडली.

जुलेखा पायरीवरच बसली. रडायलाही अंगात त्राण नव्हतं. स्वतःच्या घरात शिरायलाही तिची पाळी यावी लागत होती, आणि ही रीत तिनंच तर घालून दिली होती. शुक्रवारी पोरीची दोरी बांधून द्यायची, चाचाला हो म्हणायचं. जिला आपली गरजच नाही, तिच्यासाठी कशाला झुरायचं?

आत काहीतरी धाडकन पडलं. जुलेखानं घाबरून फटीला डोळा लावला.

रोशन उभ्या उभ्या भाकरी तोंडात कोंबत होती. दोन्ही गाल फुगलेले. तिसरं चित्र तिनं उलटं केलं. दाण्यांचा डबा उपडा पडला होता. त्यातले ओंजळभर दाणे तिनं डालग्याखाली भिरकावले आणि चौथं उलटं केलं. धावत वाकळीवर जाऊन पडली, डोळे गच्च मिटले, आणि लगेच उठली. पाचवं. सागरगोटे हवेत उडवले आणि खाली कुठं गेले ते बघितलंही नाही. सहावं.

जुलेखाला कळायला एक क्षण लागला. यातलं एकही काम गाळणं पोरीला जमणार नव्हतं, तिची घडणच तशी नव्हती. म्हणून ती अख्खी दुपार धावत संपवत होती. रोज संध्याकाळपर्यंत पुरवायची ती दुपार आज तिला नको होती. तिला मा हवी होती.

कडी निघाली. ऊन अजून डोक्यावर होतं. रोशननं तोंडाकडं बघितलं नाही, तसं ती कधीच बघत नसे. तिनं जुलेखाचा पदर मुठीत धरला आणि सगळा जोर लावून तिला उंबऱ्याच्या आत ओढलं.

“आले गं, आले,” जुलेखा म्हणाली. “न्हाय धाडत तुला. कुठंच न्हाय धाडत.”

पोरीला त्यातलं अक्षरही कळलं नसेल. तिनं दोरीकडं जाऊन बिननाकाडोळ्यांची बाई उलटी केली आणि परत येऊन आईच्या तापलेल्या अंगाला टेकून बसली. गालातला घास अजून तिनं गिळलाही नव्हता.