मधल्या जागेचं माप

जुन्या गाडीत नवा रेडिओ बसवायचा असला की सान्तियागोतले लोक माझ्याकडे येतात. बाकीचे कारागीर नुसती भोकं पाडतात, मी मापाची चौकट बनवून देते. हे काम बाबांनी शिकवलं आणि एकच नियम घालून दिला: माप घेताना गाडीत माणसं बसव, रिकाम्या गाडीचं माप खोटं असतं. कोंचोच्या, म्हणजे आमच्याकडच्या शेअर टॅक्सीच्या, बाबतीत तर हे फारच खरं. कोंचोत मागे चौघं कोंबतात, पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं, आणि पुढच्या मधल्या माणसाचे गुडघे थेट रेडिओला भिडतात.

फेर्मीनकाकांच्या कोंचोत मात्र दोन वर्षं पुढे एकच प्रवासी बसत होता. मधली जागा त्यांच्या बायकोची, ओनेइदाकाकूंची. रोज सकाळी बाजारात जाताना त्या तिथेच बसायच्या. हँडब्रेक टोचू नये म्हणून त्यांनी स्वतः एक उशी शिवली होती. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या, तरी उशी जागची हलली नाही. स्टँडवरचे ड्रायव्हर चिडवायचे, की म्हातारा भुताला फुकट फिरवतो. काका ऐकून घेत, पण उशीला कुणाला हात लावू देत नसत.

त्यांची मुलगी यानेलिस न्यूयॉर्कला असते. कागदपत्रं झाली नव्हती, म्हणून तिला आईच्या अंत्यविधीलाही येता आलं नाही. आता सहा वर्षांनी ती येणार होती आणि तिने आधीच मोठ्या पडद्याचा रेडिओ पाठवला होता. शनिवारी विमानतळावर जाताना तो वाजत असला पाहिजे, एवढीच काकांची मागणी. रेडिओ जाड आणि गाडीतली खाच उथळ, त्यामुळे चौकट पुढे काढावी लागणार होती.

"मधे कुणी बसत नाही," काका म्हणाले. "हवी तेवढी पुढे काढ."

मलाही तेच हवं होतं. प्लायवूडची कड कापली, ती पडद्यासकट ड्रायव्हरकडे कलती धरली, वर जुना टी-शर्ट ताणून बसवला, तो कडक व्हावा म्हणून त्यावर रेझिन फासलं. वाळल्यावर दोन दिवस घासलं. चौकट चार बोटं पुढे आली, पण काय देखणी दिसत होती! माझं मलाच कौतुक वाटलं. गाडीत कुणाला बसवून बघायचं मनातसुद्धा आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

सोमवारी सकाळी काका गाडी घेऊन दारात. रेडिओ छान वाजतो म्हणाले, पण दारातून हलेनात. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. विमानतळावर जावई खिडकीशी बसला आणि यानेलिस न विचारता सरकत मधे आली, आईच्या उशीवर. घरापर्यंत तासभर ती पाय तिरके करून बसली. घरी उतरताना काकांना तिच्या गुडघ्यावरचा लाल वळ दिसला.

"माझ्याच पोरीला माझ्या गाडीत जागा नाही," ते म्हणाले. "कमी कर गं ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी होती, ते मी त्यांना सांगितलंही. चौकट कापून नव्याने करावी लागेल, रेडिओ आत ढकलायला मागची पत्रा-पट्टी काढावी लागेल, तीन-चार दिवस जातील. काका कबूल झाले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, की ती तर पंधरा दिवसांत परत जाणार, त्यानंतर काय?

काकांनी उशीकडे बघितलं.

"त्यानंतर जो बसेल त्यालाही गुडघे असतीलच की."

मी चौकट काढली, मापाची टेप हातात घेतली आणि गाडीच्या दारातच थांबले. बाबांचा नियम आता मोडायचा नव्हता, पण त्या उशीवर बसायचं माझं धाडस होईना. काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी उशी उचलली, बाहेर नेऊन दोनदा झटकली आणि होती तिथे ठेवली.

"बस, बाई," ते म्हणाले. "माप घे."