बाबांना दिसलेलं सहावं बोट

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी नऊपासून पाय ठेवायला जागा नव्हती. प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या, जिने भरले, उरलेली माणसं खिडक्यांच्या कठड्यावर टेकली. तीन पंखे होते, त्यातला एक बंद. एवढ्या घामात, एवढ्या खोकल्यांत सगळ्यांच्या माना मात्र एकाच दिशेला वळलेल्या. मंचावर गुबगुबीत खुर्चीत स्पर्शबाबा बसले होते. हे नाव त्यांना कोणी दिलं ते कोणालाच माहीत नव्हतं, बहुतेक त्यांनी स्वतःच घेतलं असावं.

बाबा रोग्याला एक प्रश्नही विचारत नसत. डोक्यावर हात ठेवत. मग त्यांचे डोळे भरून येत, कारण जगाचं दुःख त्यांना सोसवत नसे. शेजारी उभी असलेली सेविका तबकातला घडी केलेला पांढरा रुमाल पुढे करी. बाबा तो तोंडासमोर उलगडत, त्यात हुंदके देत आणि रुमालाआडून बोलत.

"पित्ताशय... खडे दिसतायत मला... तीन! सगळ्यात मोठा चौदा मिलीमीटर!"

समोरचा पेन्शनर मटकन खालीच बसला. "चौदाच! अगदी चौदा! बाबा, मी तर तोंडही उघडलं नाही हो!"

हॉलभर टाळ्या. तिसऱ्या रांगेतल्या मावशीच्या मनात आलं, दिव्यदृष्टीलासुद्धा मिलीमीटर कळतात, बरं आहे. ती इथे आली होती धाकट्या बहिणीच्या हट्टाखातर, आणि बहीण आली होती टिकलीखातर.

टिकली म्हणजे बहिणीची एकुलती एक लेक. वय वर्षं आठ, उंची चार वर्षांच्या पोरीएवढी, जीभ मात्र चाळिशीतल्या बाईची. लाखात एखाद्याला होणारा वाढीचा आजार तिच्या वाट्याला आला होता. दर संध्याकाळी मांडीत एक इंजेक्शन. ते घेतलं की ती वर्षाला चार बोटं वाढे, नाही घेतलं तर जिथल्या तिथे. हाडांची टोकं एकदा मिटली की मग कितीही डोकं आपटा, काही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात मोठ्या दवाखान्यातल्या वाढीच्या तज्ज्ञ बाईंची वेळ मिळाली होती. चौदा महिने थांबल्यावर मिळाली होती.

टिकलीचा नंबर आला. बाबांनी हात ठेवला, डोळे भरले, रुमाल आला.

"बाळ दोन वर्षांचं असताना झटका आला होता... टॉन्सिल काढलेत... आणि हे काय! डावं मूत्रपिंड! उजव्यापेक्षा लहान! साडेसहा सेंटीमीटर!"

बहिणीने हंबरडा फोडला. झटका खरा, टॉन्सिल खरे. मूत्रपिंडाचं तिला आठवत नव्हतं, पण मान तिने तिन्ही वेळा हलवली. खरं सांगायचं तर मावशीच्याही तोंडचं पाणी पळालं. पोरीच्या झटक्याची गोष्ट या माणसाला कळली कुठून?

"या सुईने पेशी रडतायत, ताई," बाबा बहिणीला म्हणाले. "हाडांची कंपनं बांधली गेलीत. सुई बंद. डॉक्टर बंद. एकविसाव्या दिवशी लेकरू आणा आणि ती फाइल आणा. रोग शरीरात नसतो, कागदात घर करून असतो. कागद विरघळला की रोग विरघळला!"

मंचाच्या कोपऱ्यात एक निळा टब होता. त्यात कोणाकोणाची फाइल भिजून लगदा झाली होती. त्या लगद्याकडे बघून लोक हात जोडत होते.

त्या संध्याकाळी टिकलीला इंजेक्शन मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मावशीने आयुष्याची तीस वर्षं एका दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली होती. धूळ, सुतळी, गठ्ठे आणि "बाई, माझी फाइल सापडेना" असं म्हणत येणारी माणसं, एवढंच तिचं जग. तज्ज्ञ बाईंच्या दवाखान्याने कळवलं होतं, की सगळे कागद तारखेप्रमाणे लावून आणा. बाबांनी हा निकाल देण्याच्या आधीच बहिणीने ते काम मावशीच्या गळ्यात घातलं होतं.

"आता कशाला लावतेस, ताई? विरघळवायचीच आहे ना फाइल," बहीण म्हणाली.

"मग लावलेली विरघळव. मला पसारा बघवत नाही," मावशी म्हणाली आणि तिने फरशीवर चादर अंथरली.

फाइल कसली, ती एक फुगलेली पिशवी होती. आठ वर्षांची पोर आणि चारशे कागद. औषधांच्या चिठ्ठ्या लसीकरणाच्या कार्डात घुसलेल्या, रक्ताचे रिपोर्ट एक्स-रेच्या पाकिटात, एका रिपोर्टच्या पाठीवर टिकलीने काढलेला हत्ती. मावशीने ढीग पाडले. एक उंची-वजनाचा, एक रक्ताचा, एक हाडांच्या फोटोंचा, एक जनुकांच्या तपासणीचा, एक सोनोग्राफीचा. मग प्रत्येक ढीग तारखेने लावला, दर पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घातला आणि वर यादी जोडली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती सोनोग्राफीच्या ढिगापाशी आली आणि थबकली.

पोटाची सोनोग्राफी दोनदा केलेली दिसत होती. एका रिपोर्टात दोन्ही मूत्रपिंडं व्यवस्थित. दुसऱ्यात डावं लहान, साडेसहा सेंटीमीटर. मावशीने चष्मा पुसून दुसऱ्या रिपोर्टाचा माथा वाचला. नाव तेच, आडनाव वेगळं. वय अकरा. तारीख टिकलीच्या जन्माच्या आधीच्या वर्षातली. तपासणी केंद्रातल्या कोणीतरी दुसऱ्याच पोरीचा जुना कागद टिकलीच्या पाकिटात कोंबला होता, आणि तो वर्षानुवर्षं तिथेच पडून होता.

रेकॉर्ड रूममध्ये ही चूक आठवड्याला एकदा तरी सापडायची. मावशीला तिचं नवल नव्हतं. नवल याचं होतं, की हीच चूक, याच आकड्यासकट, बाबांच्या तोंडून बाहेर पडली होती. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून पोरीचं मूत्रपिंड दिसलं असतं, तर ते चांगलं दिसलं असतं. यांना दिसलं ते कागदावरचं.

आणि मग तिला हॉलच्या दाराशी असलेलं काउंटर आठवलं. "कागद आत न्यायचे नाहीत, कागदांनी बाबांची दृष्टी गढूळ होते," असं म्हणत सगळ्यांच्या फायली तिथे ठेवून घेतल्या जात आणि टोकन दिलं जाई. मग दोन तास बसवून ठेवत. दोन तासांत मावशीने चाळीस फायली वाचून काढल्या असत्या.

तिने बहिणीला आणि मेहुण्यांना समोर बसवून सगळं दाखवलं. मेहुणे ट्रकचे मेकॅनिक, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारे. त्यांनी दोन्ही रिपोर्ट उलटसुलट केले आणि म्हणाले, "पण ताई, असंही असेल ना, की बाबांना दिसलं ते खरं आणि आपल्या पोरीच्या रिपोर्टातच चूक?"

"अहो, हा रिपोर्ट ती जन्मायच्या आधीचा आहे!"

"म्हणून तर चमत्कार," बहीण हळूच म्हणाली.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. अक्कल गहाण टाकलेल्या माणसाला पुरावा दाखवायचा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं. पुरावा दिला की तोही बाबांच्याच खात्यात जमा! दोन आठवडे उलटल्यावर तिने दाराच्या चौकटीशी टिकलीला उभं करून उंची मोजली. वाढ शून्य. त्यावर बहीण म्हणाली, "एकवीस दिवस व्हायचेत अजून."

मग मावशीने असं काम केलं, जे तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. फाइलमध्ये खोटा कागद घातला. कोरं पान घेऊन स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'डाव्या पायाला सहावं बोट, जन्मतः.' शिक्का नाही, सही नाही. तारीख मुद्दाम पुढच्या वर्षाची टाकली. भिकार कारकुनाच्याही एका नजरेत पकडलं जावं, असं ते पान होतं. ते तिने पहिल्याच पानामागे लावलं आणि हात धुऊन टाकले.

एकविसाव्या दिवशी फाइल काउंटरवर गेली, टोकन मिळालं, दोन तास गेले. गर्दी दुप्पट झाली होती. टिकलीला मंचावर नेलं. ती इतकी लहान, की बाबांच्या गुडघ्यापाशी उभी राहिली तर मागच्या रांगांना दिसेचना. बहीण हात जोडून शेजारी, मावशी पायरीवर. सेविकेच्या एका हातात तबक, दुसऱ्या हातात टिकलीची फाइल, टबात सोडायला तयार.

हात. डोळे. रुमाल.

"लेकराची कंपनं सुटतायत! प्रकाश दिसतोय मला..." बाबांनी मोठा हुंदका दिला. "आणि डाव्या पायाला... सहावं बोट! जन्मापासून! तिथेच अडलंय सगळं! खरं की नाही, माउली?"

बहिणीने मान हलवली. "हो बाबा," ती म्हणाली.

जिने आठ वर्षं ते पाय धुतले, नखं कापली, मोजे चढवले, ती "हो" म्हणाली. मावशीचं मस्तकच फिरलं. ती दोन पायऱ्या चढून मंचावर गेली.

"टिकले, मोजा काढ."

"कुठला?"

"डावा. आणि मोज बोटं. मोठ्याने."

टिकलीने खाली बसून मोजा ओढला, पाय वर केला आणि शाळेत पाढे म्हणावेत तशा आवाजात मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच. संपली." मग खात्रीसाठी पुन्हा मोजलं. पुन्हा पाचच भरली.

हॉलमध्ये कुजबुज उठली. पण बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "सहावं बोट सूक्ष्म देहाचं असतं!" ते गरजले. "चामड्याच्या डोळ्यांना दिसत नाही!" दोन-चार जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. माणसाला फसायचंच असेल, तर त्याला फार मदत लागत नाही.

टिकली अजून खालीच बसली होती, बाबांच्या पायांपाशी, आणि वर बघत होती. सगळे मोठे लोक बाबांसमोर मान खाली घालून उभे राहत, म्हणून त्यांना रुमालाची बाहेरची पांढरी बाजूच माहीत होती. टिकलीला खालून आतली दिसत होती.

"मावशी," ती म्हणाली, "यांच्या रुमालात लिहिलंय."

मंचावरच्या माईकने ते हॉलभर नेलं. बाबांनी रुमाल मुठीत चुरगाळला. पण टिकलीने वाचलेलं होतं, आणि वाचलेलं सांगायची तिला खोड होती. "टोकन सत्तेचाळीस. मुलगी आठ. वाढ नाही. डावा पाय सहा बोटं. मागच्या वेळी मूत्रपिंड सांगितलं, पुन्हा नको."

मावशीने सेविकेच्या हातातलं तबक खेचलं आणि उरलेले रुमाल एकेक करून झटकले. सगळ्यांत पेनाने लिहिलेलं. टोकन अठ्ठेचाळीस, दमा, बायको वारली. टोकन एकोणपन्नास, साखर तीनशे दहा. पन्नास, गर्भाशयात गाठ, नवऱ्याला सांगितलेलं नाही. हा शेवटचा रुमाल तिने मोठ्याने वाचलाच नाही, घडी करून पदराखाली लपवला.

बाबा मागच्या दाराने गेले. त्या घाईत त्यांच्या पेशी रडल्या असतील तर कळायला मार्ग नाही. काउंटरमागचा पडदा ओढला, तर तिथे टेबल, दिवा, पेनांचा डबा आणि तीन बायका फायली उघडून बसलेल्या. एकीने तर घाबरून विचारलं, "पुढचा नंबर लिहू की नको?"

मावशी काउंटरवर चढून बसली आणि टोकन बघून फायली वाटू लागली. हे काम तिला येत होतं. प्रत्येकाच्या हातात फाइल देताना ती एकच बोलत होती.

"घरी जाऊन वाचा. कळलं नाही तर डॉक्टरला विचारा, पुन्हा विचारा, तो वैतागला तरी विचारा. याने तुम्हाला नवीन काहीही सांगितलेलं नाही. तुम्ही काखेत धरून आणलंत, तेच तुम्हाला ऐकवलं. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

पेन्शनर फाइल घेताना ओशाळून म्हणाला, "पण बाई, खडे विरघळतील म्हणाले होते..."

"कुठल्या तपासणीत विरघळलेले दिसले?"

तो तिथेच उभ्याउभ्या फाइलची पानं चाळू लागला. हॉलमध्ये तरीही वीस-पंचवीस माणसं खुर्च्यांना चिकटून राहिली. बाबा रागावले असतील, परत येतील, असं त्यांचं चाललं होतं. मावशीने त्यांच्या फायलीही त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवल्या.

बहीण मंचाच्या पायरीवर टिकलीचा उघडा पाय हातात धरून बसली होती. "मी हो म्हणाले, ताई," ती म्हणाली. "मला माहीत होतं ना गं पाच आहेत. तरी तोंडातून हो गेलं." मावशीला तिला दोन शब्द ऐकवायचे होते. त्याऐवजी तिने खोटं पान फाइलमधून काढून फाडलं, आणि टिकलीला दुसरा मोजा कुठे गेला ते शोधायला लावलं.

त्या संध्याकाळी सात वाजता सुई पुन्हा सुरू झाली. आधी डॉक्टरांना फोन करून, किती दिवस चुकले ते सांगून, विचारून.

तज्ज्ञ बाईंच्या टेबलावर फाइल उघडली तेव्हा त्या रोजच्या इंजेक्शनांच्या नोंदीवर बोट फिरवत शेवटापर्यंत आल्या. "इथे औषध बंद दिसतंय. एकवीस दिवस. आजारी होती का? की औषध मिळालं नाही?" त्यांचं पेन वर तयार होतं. "मी 'घरगुती अडचण' लिहू? बरेच जण तसंच सांगतात."

मेहुणे पटकन "हो, तसंच लिहा" म्हणाले. खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर होते, दाराशी नर्स होती. बहिणीची मान आपोआप हलू लागली होती. ती मध्येच थांबली.

"नाही," ती म्हणाली. "अडचण काही नव्हती. औषध घरात होतं, फ्रिजमध्ये. एका भामट्याने सांगितलं आणि मी न तपासता विश्वास ठेवला. असं लिहा. माझ्या पोरीच्या कागदात खोटं नको."

बाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती म्हणाली तसंच, शब्दाला शब्द, लिहून घेतलं.