चपानाची ऊब

मावलुदाने प्रयोगशाळेची खिडकी उघडून बाहेरच्या कठड्यावर हात फिरवला. बर्फात बाटलीचा गोल ठसा तेवढा होता.

सरकीच्या तेलाचा वास काढताना वाफेबरोबर एक उग्र, तपकिरी चिकटा निघतो. कोकंद शहरातल्या त्या तेलगिरणीत तो वर्षानुवर्षं भट्टीत जळत आला. औषधवाले ज्याच्या मागे असतात तो स्टेरॉल त्यातच दडलाय, हे मावलुदाने कागदावर दाखवलं होतं. हाती मात्र दरवेळी गढूळ लगदाच लागला. फ्रिज बंद पडलेला, म्हणून चिकट्याचा अर्क ती बर्फात गोठवी. आज तीन वाजता मुख्य अभियंते होशिमोव येणार होते. स्टेरॉलचे स्वच्छ स्फटिक दिसले तर चिकटा तिचा. नाहीतर पुन्हा भट्टीचा, आणि ही खोली गोदामाची.

"काय शोधतेस, पोरी?"

दारात भट्टीवाले निशोन-ओता, म्हणजे निशोनआजोबा, उभे होते. एवढ्या थंडीत अंगात नुसता सदरा.

"बाटली माझ्याकडं आहे. पहाटे बघतो तर बिचारी गोठून पांढरीफटक. तेल कुणी असं उघड्यावर टाकतं? आमच्या म्हातारीनं तुला सून म्हणून उंबरा ओलांडू दिला नसता."

भट्टीघरात वाफेच्या नळाला टेकून एक गाठोडं होतं. ओतांनी आपला चपान, कापूस भरलेला लांब अंगरखा, उलगडला. आतली बाटली काळ्या चहासारखी नितळ.

"बघ, कसं निवळलं."

हिवाळ्यात इथं घरोघरी तेल गोठतं, आणि घरोघरी ते उबेला ठेवून पातळ करतात. ओतांनी तेच केलं होतं. पण बाटलीतला तो पांढरा थर तेलाचा नव्हता. तोच तिचा माल होता, आणि तो विरघळून गेला होता. माया आंधळी असते म्हणतात. मावलुदाने ओतांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"बरं केलंत, ओता."

"नळ आठलाच बंद केलाय, साफसफाईला. पण चपान ऊब धरून ठेवील." त्यांनी बाटली पुन्हा, तान्हं बाळ गुंडाळावं तशी गुंडाळली आणि नान मोडून अर्धा तिच्यापुढं केला. "खा. देणाऱ्यानं दिलेलं वाया घालवलं की पाप लागतं."

तिने घास घेतला.

तीन वाजता होशिमोव थेट भट्टीघरातच आले. मावलुदाने चपान उलगडला.

बाटलीच्या तळाशी अभ्रकासारखे पांढरेशुभ्र पापुद्रे साचले होते, सुटेसुटे, कडा लखलखीत. वरचा अर्क स्वच्छ. तासन्‌तास, कणाकणाने निवत गेल्याशिवाय असे स्फटिक धरत नाहीत. बर्फाने एवढी उसंत कधी दिलीच नव्हती.

होशिमोवांनी बाटली उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"पुढच्या सोमवारपासून चिकट्याची पिंपं प्रयोगशाळेकडे," ते म्हणाले.

ते गेल्यावर ओता तिच्या कानाशी आले. चेहरा पार उतरलेला.

"पुन्हा गोठलं गं. नळ बंद करायला नको होता मी."

मावलुदाने चपानावरची राख झटकली, पण तो परत दिला नाही.

"ओता, हा थोडे दिवस माझ्याकडे राहू द्या. तुम्हाला नवा आणते."

"थंडी वाजते होय?"

तिने चपान छातीशी धरला.

"बसा," ती म्हणाली. "चहा घेऊ. सगळं सांगते."