वास गिळणारा लोखंडाचा कीस

सन २०२३, वैशाख. मानकुराद आंबे संपत आले होते, मिरगाला तीन आठवडे होते. तेव्हा म्हापशातल्या एका लेथखालून मला गोणीत भरलं. मी लोखंडाचा कीस बोलतोय.

कारापूरला कृष्णनाथची खाणावळ. कारखान्यांतले चाळीस कामगार तिथं जेवायचे, मागच्या खोल्यांत राहायचे. त्यांचं उष्टं, मासळीची घाण आणि संडासाचं पाणी एकाच टाकीत जाई. ते कुजून टाकीत होणारा गॅस शेगडीला. जळायचा, पण त्याला कुजक्या अंड्यांसारखी घाण यायची. डोळे चुरचुरायचे, पितळी कॉक काळे पडायचे. कामगार ताट सारून उठू लागले, तेव्हा मला आणलं.

पाणी शिंपडून आठ दिवस गंज चढवला. इतर लोखंड गंजलं की फेकतात. मला गंजल्यावरच कामाला घेतलं. मांडीएवढ्या नळकांड्यात भरलं. गॅस माझ्यातून जाई, त्यातलं विष आणि वास मी गिळून टाकी. पलीकडे निळी, स्वच्छ ज्योत. त्या ज्योतीचा मला अभिमान होता.

रांधायला भैरू आणि गंगा, बेळगावकडचं जोडपं. भैरू रोज पहाटे काडी ओढण्याआधी रबरी नळी हुंगत जायचा. गळतं की नाही, ते नाकानं ठरवायचा.

"माझं नाक म्हंजे मीटर हाय."

"मीटर कसला, वांगं हाय ते," गंगा म्हणायची.

मला बसवणाऱ्या मिस्त्रीनं बजावलं होतं, "आता गळती वासानं कळणार नाही. रोज नळीला साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला तर काडी ओढू नका. आणि दोन महिन्यांनी हा कीस बाहेर काढून वाऱ्यावर पसरा, म्हणजे तो पुन्हा वास गिळेल."

कृष्णनाथ हसला. "कपड्यांक साबण पुरना, नळीक खंयचो? भैरू, तू हुंगून सांग."

"कायच वास न्हाई, मालक."

"मग भात चढय!"

सत्ताविसाव्या दिवशी उंदरानं नळी कुरतडली. खिडक्या बंद, गॅस कोंडलेला. भैरूनं नळी हुंगली. वास नव्हता. त्यानं काडी ओढली.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्यानं जीव सोडला.

कोणी उंदराला बोल लावला, कोणी नळीला. मी लावत नाही. वास मी गिळला होता. एका जिवाचं ऋण माझ्यावर चढलं.

गंगा त्याच शेगडीपाशी राहिली. गावी दोन मुली पोसायच्या होत्या, जाणार कुठं? नळी नवी आली. फेस मात्र कोणी लावला नाही. मला वाऱ्यावर पसरायचं होतं, तेही कोणी केलं नाही. मी काळा पडलो, ढेकूळ झालो. दिवाळीनंतर वास माझ्यातून निसटू लागला.

"मालक, परत घाण येतीया."

"शुक्रारी म्हापशा वतां, तेन्ना नवो कीस हाडटां." म्हणजे शुक्रवारी माझ्या जागी नवा कीस येणार होता.

हा गॅस तुमच्या घरी असेल तर ऐका. वास नाही म्हणजे गळती नाही, असं धरू नका. फेस लावा. एवढंच सांगतो.

गुरुवारी पहाटे गंगा काडेपेटी घेऊन आली. नळी शेगडीवरून निसटलेली होती. दार उघडताच भपकारा आला. ती थबकली. काडेपेटी अंगणात भिरकावली, बाहेरचा कॉक बंद केला आणि खोल्यांकडे धावली. "उठा रं! कुणी बिडी पेटवू नगा!"

मग ती पायरीवर बसली आणि भैरूचं नाव घेऊन रडली.

भैरूचा जीव मी घेतला होता. गंगेचा राखला. फिटलं.