अभनपूरचं धान

रायपूरच्या विद्यापीठात मंदाकिनी गावोगावचं धानाचं बियाणं सांभाळायची. दर काही वर्षांनी पेरून ते ताजं ठेवावं लागतं. शहराबाहेर राज्याची नवी राजधानी सजली, संशोधनाचा पैसा मात्र आटला. पाच खरीप पेरणीच झाली नाही.

दोनदा पीक करपल्यावर अभनपूरची शेतकरी अंजनाबाई आली. सासऱ्यानं इथं दिलेलं, कमी पाण्यात तगणारं धान तिला हवं होतं. मंदाकिनीनं उरलेले दाणे ओल्या फडक्यात बांधले.

सहाव्या दिवशी दोघींनी फडकं सोडलं. एकालाही कोंब नव्हता.

"निजून राहिले असतील, उठवा ना दीदी!" अंजनाबाई हसली.

"घरी थोडं ठेवलंय?"

"काहून ठेवू? मामंजी म्हनत, घरचं उंदरं खातात, सरकारातलं कधी मरत नाही. सारं तुमालेच देल्लं."

दाणे मेलेत हे न सांगता मंदाकिनीनं फडकं पुन्हा भिजवलं.